युरिया ऑरगॅनिक हाय का नाही? सांगा बे

केमिस्ट्रीवाला_सोलापूर:
काल लक्ष्मी मार्केटला डाळिंबाच्या बॉक्सवर वाचलं, १०० टक्के ऑरगॅनिक, केमिकल फ्री. दुकानदार म्हणला युरियाचा कणपण नाही टाकला. आता मला सांगा, केमिस्ट्रीत ऑरगॅनिक म्हणजे कार्बनवाला पदार्थ. युरियात कार्बन हाय, १८२८ ला व्होलर ह्या जर्मन केमिस्टनं अमोनियम सायनेटपासून तो लॅबमधे बनवला आणि किडनीशिवाय युरिया होतोय हे दाखवलं, तिथनंच तर ऑरगॅनिक केमिस्ट्री खऱ्या अर्थानं सुरू झाली म्हणतेत. म्हणजे युरिया ऑरगॅनिकच की! आणि केमिकल फ्री काय बे, डाळिंबातलं पाणीपण केमिकलच हाय.

मोहोळचा_डाळिंबवाला:
सर तुमच्या हिशोबानं रॉकेल पण ऑरगॅनिक, कॅरीबॅग पण ऑरगॅनिक. ओतू का बागेत? कशाला डोकं खाऊलालाव.

केमिस्ट्रीवाला_सोलापूर:
हायच की ऑरगॅनिक! शब्द आमचा, तुम्ही पळवला.

होटगी_रोडकर:
पळवला नाही ओ. शेतीतलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीतनं आलंच नाही. १९४० ला इंग्लंडात लॉर्ड नॉर्थबोर्ननं ते वापरलं ते शेत म्हणजे एक जिवंत शरीर, माती, जनावर, पीक सगळे त्याचे अवयव, ह्या अर्थानं. आपला सेंद्रिय शब्द बघा, स-इंद्रिय, त्यात कार्बन कुठाय? उलट शाळेच्या पुस्तकातच आता कार्बनी संयुगे लिहितेत, म्हणजे भांडण मराठीत कधीच मिटलंय, तुम्हीच इंग्रजीत उकरून काढूलालाव.

मोहोळचा_डाळिंबवाला:
ह्येला म्हणतात उत्तर. आणि अजून एक, डाळिंबावर तेल्या रोग आला की आम्ही बोर्डो मिश्रण मारतो. मोरचूद न् चुना, कार्बनचा थेंब नाही म्हणा मोरचुदात, तरी सेंद्रिय बागेला मर्यादेत चालतंय. युरिया कारखान्यात बनतोय म्हणून चालत नाही. नियम कार्बनवर नाहीच, वस्तू कुठनं आली न् मातीला काय करती ह्याच्यावर हाय.

केमिस्ट्रीवाला_सोलापूर:
बोर्डोचं माहीत नव्हतं, हे भारी सांगितलं. बरं, सेंद्रियचं सोडलं मी. पण केमिकल फ्रीचं काय? मोरचूद काय प्रसाद हाय का सिद्धेश्वराचा?

मोहोळचा_डाळिंबवाला:
तिथं मात्र गप. ते लिहिणारं येडंच.

होटगी_रोडकर:
सर्टिफिकेटचा नंबर होता का बॉक्सवर? ते मिळायला बागेला आधी युरिया-बिरिया बंद करून तीन वर्षं थांबावं लागतंय.

केमिस्ट्रीवाला_सोलापूर:
नंबर कुठला, हिरव्या पानाचं चित्र होतं नुसतं. दीडपट पैसे दिले मी 😐