मदत हवी आहे: टाके दुखतात, बसताच येत नाही

मैत्रिणींनो, माझी नॉर्मल डिलिव्हरी होऊन आज 9 दिवस झाले. खाली टाके आहेत. डॉक्टरांनी पाहिलं, जखम स्वच्छ आहे, टाके 2-4 आठवड्यांत आपोआप विरघळतील म्हणाले. पण बाळाला पाजायला बसले की 5 मिनिटांतच डोळ्यांत पाणी येतं. एका कुशीवर भार टाकून बसते, मग कंबर धरते.

सध्या दिवसातून 2-3 वेळा टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसते, नंतर मऊ कापडाने नुसतं टिपून घेते, चोळत नाही. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ लावला, त्याने खरंच खूप बरं वाटलं. लघवी करताना बाटलीतून कोमट पाण्याची धार सोडत राहिलं की आग कमी होते. हे मला एका नर्सताईंनी शिकवलं, त्यांचे उपकार विसरणार नाही.

आता खरी भीती शौचाची. जोर लावला तर टाके उसवतील असं वाटून मी टाळते आणि त्यानेच खडा होतो. तुम्ही काय केलंत? कुशीवर झोपून पाजणं कसं जमवलंत? ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम कधी सुरू केलात?

ताप, घाण वास किंवा तासाभरात पॅड भिजणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना, हे माहीत आहे. तसं काही नाही. फक्त हे दिवस जरा सुसह्य व्हावेत. अनुभव असेल तर नक्की सांगा.