लंडनमध्ये खास प्रदर्शनाचं तिकीट काढावं का?

ताई, मुलाकडे लंडनला जाताय आणि नॅशनल गॅलरीतल्या प्रदर्शनाचं तिकीट महाग वाटतंय, असं लिहिलंत. तिकीट फक्त त्या खास प्रदर्शनाला लागतं. कायमचा संग्रह सगळ्यांना फुकट, परदेशी पाहुण्यांनाही. शुक्रवारी गॅलरी रात्री ९ पर्यंत उघडी असते.

पण त्या फुकट संग्रहातलं, इंग्लिश चित्रकार टर्नरचं 'फायटिंग टेमेरेअर' (१८३९) हे चित्र कृपा करून चुकवू नका! टेमेरेअर म्हणजे ट्रफाल्गरच्या १८०५ च्या आरमारी लढाईतलं ब्रिटिश शिडाचं जहाज, आणि एक काळपट छोटी वाफेची बोट त्याला मोडीत काढायला ओढून नेतेय. खरं तर तोवर त्याच्या डोलकाठ्या उतरवलेल्या होत्या. टर्नरने त्या उभ्याच रंगवल्या, मला वाटतं जहाजाचा मान राखायला. आपण देवगडकडची माणसं, गिर्ये इथली मराठा आरमाराची गोदी पाहत वाढलेली. ते फिकट, जवळजवळ पांढरं जहाज पाहून मला गलबलून आलं, पाय निघेना. बाजूचे लोक भराभर फोटो काढून पुढे जात होते, तुम्ही मात्र समोरच्या बाकावर निवांत बसा.

खास प्रदर्शनाचं नंतर ठरवा. मुलाला आवड असेल तर दोघं मिळून जा, तिकीट आधीच ऑनलाइन काढून.