वनप्लस ६ वर पोस्टमार्केटओएस: रोजचा फोन म्हणून चालेल का?

जुनाफोन_पुणे: वनप्लस ६ आहे, ८ जीबी रॅमचा. अँड्रॉइड ११ नंतर कंपनीकडून काही आलं नाही. सिम जिओचं. कॉल, यूपीआय आणि मराठी वाचन एवढंच लागतं. पोस्टमार्केटओएस (जुन्या अँड्रॉइड फोनवर टाकता येणारं लिनक्स) टाकलं तर काय गमवावं लागेल?

टर्मिनलवाला: पहिलं म्हणजे कॉल. जिओकडे २जी-३जी नाहीच, आवाज फक्त व्होल्टीवरून, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच, जातो. या फोनवर नेहमीच्या लिनक्स इन्स्टॉलमध्ये व्होल्टी मिळेल असं धरून चालू नका. नेट चालेल आणि कॉल लागणार नाही, अशी गंमत होते. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर कॉलसाठी फोन २जीवर उतरतो, म्हणून तिथे निभावतं. कॅमेऱ्यावरही फारसा भरवसा ठेवू नका.

जुनाफोन_पुणे: आणि वेड्रॉइडमध्ये (लिनक्सवर अँड्रॉइड ॲप्स चालवायची सोय) यूपीआय ॲप?

खिडकीबंद: उघडेल, पण नोंदणी अडेल. ॲप त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. वेड्रॉइड कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या कप्प्यात, चालतं, त्याला सिम दिसतच नाही. शिवाय बरीच बँक ॲप्स गूगलची प्रमाणित यंत्रणा आहे का ते तपासतात, तिथेही नापास. बाकी साधी ॲप्स ठीक चालतात, बॅटरी मात्र भराभर उतरते.

टर्मिनलवाला: तरी टाकायचंच असेल तर आधी बॅकअप घ्या, बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला की सगळा डेटा पुसला जातो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करा, मग फोन संगणकाला जोडून फास्टबूट मोडमधून अनलॉक. पीएमबूटस्ट्रॅपमध्ये (पोस्टमार्केटओएस टाकायचं संगणकावरचं साधन) मॉडेल 'एन्चिलाडा' निवडा, ते वनप्लस ६ चं सांकेतिक नाव. 'फाहिता' म्हणजे ६टी, घाईत तेच निवडलं जातं. फ्लॅश करण्याआधी, म्हणजे फोनमध्ये नवी सिस्टम लिहिण्याआधी, डीटीबीओ पार्टिशन पुसायला विसरू नका. ते राहिलं तर बूटलोडर अँड्रॉइडची हार्डवेअर-माहिती लिनक्सच्या माहितीवर चढवतो आणि फोन सुरूच होत नाही. बहुतेकांचं इथेच घोडं अडतं.

खिडकीबंद: मराठीच्या जागी चौकोन दिसले तर नोटो देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाका, एपीकेनं (इथे हा पोस्टमार्केटओएसचा पॅकेज टाकायचा कमांड, अँड्रॉइडची फाइल नव्हे) मिनिटभरात होतं.

पाइनप्रेमी: पाइनफोन हा लिनक्ससाठीच बनवलेला फोन, त्याच्या मोडेममध्ये व्होल्टीची सोय आहे. मागचं झाकण काढलं की मोडेम, माइक, कॅमेऱ्यांचे वेगळे स्विचही आहेत. पण त्याचा ऑलविनर ए६४ प्रोसेसर वनप्लसच्या स्नॅपड्रॅगन ८४५ पुढे बैलगाडी आहे. ब्राउझरचे तीन टॅब उघडले की धापा टाकतो.

टर्मिनलवाला: मग यूपीआय आणि जिओ एखाद्या स्वस्त अँड्रॉइडवर, वनप्लसवर लिनक्स. खिशात दोन फोन चालत असतील तरच टाका.