सोळा, अठरा की चोवीस?

असं म्हणतात की मूकपट सेकंदाला २४ फ्रेम्सने (म्हणजे २४ स्थिर चित्रांच्या वेगाने) दाखवला तर फार तर माणसं भरभर चालतात. प्रायोगिक मूकपटांबद्दल हे मला मुळीच पटत नाही. तिथे वेग दिग्दर्शकाने ठरवलेला असतो.

अमेरिकन चित्रकार आणि चित्रपटकार अँडी वॉरहॉलच्या 'स्क्रीन टेस्ट' घ्या, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसांची छोटी मूक व्यक्तिचित्रं. १०० फुटी १६ मिमी रिळात साधारण ४००० फ्रेम्स मावतात. त्याने २४ च्या वेगाने चित्रण केलं, म्हणजे जेमतेम पावणेतीन मिनिटं. दाखवायला सांगितलं १६ ने, म्हणजे चार मिनिटांच्या वर. पापणी मिटणंसुद्धा जड, संथ होतं, आणि समोरचा चेहरा हळूहळू उघडा पडत जातो. २४ ने लावलं की उरतो फक्त बसलेला माणूस. त्याचाच आठ तासांचा 'एम्पायर' (१९६४) तर साडेपाच तासांच्या आत संपेल!

अमेरिकन प्रायोगिक चित्रपटकार नॅथॅनिएल डॉर्स्की आपल्या मूकपटांसाठी १८ चा आग्रह धरतो. इथे प्रोजेक्टरचं शटर, म्हणजे प्रकाश मधूनमधून अडवणारी फिरती झडप, महत्त्वाचं. तीन पात्यांचं असेल तर पडद्यावर सेकंदाला ५४ वेळा प्रकाश पडतो. दोन पात्यांचं असेल तर ३६ वेळाच, आणि लुकलुक डोळ्यांना खुपते.

डिजिटलमध्ये १८ चे २४ करताना बहुधा दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवतात. कॅमेरा सावकाश फिरत असेल तर तो बारीक हिसका लगेच जाणवतो.

आणि हो, आवाज नाही म्हणजे १८च, असंही धरू नका. काही मूकपट २४ चेच असतात. प्रिंट मागवतानाच वेग विचारून घ्या.