हेड गॅस्केट गेलंय म्हणतात, पण सांगतायत पूर्ण इंजिनच करा. काय करू?

रानवारा:
मंडळी, जरा सल्ला हवाय. पेट्रोल गाडी आहे, १ लाख ३० हजार किमी झालेत, बॉडीला कुठे गंज नाही, गिअर मस्त पडतात, सस्पेन्शनचं काम मागच्याच वर्षी केलंय. परवा चढावर टेंपरेचरचा काटा एकदम वर गेला, लगेच बाजूला घेऊन बंद केली, पण तेव्हापासून सकाळी स्टार्ट केली की पांढरा धूर येतो आणि थांबतच नाही, कूलंट रोज कमी होतंय आणि गाडीखाली मात्र एक थेंब नाही. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) उडालंय, आणि खोलायचंच आहे तर पूर्ण इंजिनचं काम करून घ्या. एस्टिमेट एका ओळीत, गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. दुसरे म्हणतात सेकंडहँड इंजिन टाका. घरचे म्हणतात आहे तशी विकून टाक. आईला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं त्यामुळे गाडीशिवाय फार दिवस निघणार नाहीत, पण एवढा पैसा टाकून परत तेच झालं तर काय ही भीती आहे.

पानापकड:
आधी एक, गाडी चालवणं आजपासून बंद. रात्रभर सिलिंडरमध्ये कूलंट झिरपून साठलं आणि सकाळी स्टार्टर मारला तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरंच पूर्ण इंजिन करावं लागेल.

दुसरं म्हणजे काही खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजायला सांगा, चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. जिथे कमी येईल तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चांगला वर गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही गेला तर गळती वर आहे, म्हणजे गॅस्केट नाहीतर व्हॉल्व्ह. हेडचं काम की पूर्ण इंजिन हे ठरवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही आणि तुमच्याकडे तो केलेला दिसत नाही. ब्लॉक टेस्ट पण करून घ्या, रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून त्यात निळं लिक्विड असतं, कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. आणि ऑइलची डिपस्टिक काढून बघा, दुधाळ चॉकलेटी झालंय का.

मुक्ता_प्रवासी:
पैशाचं बोलते. खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करू नका, सगळे तिथेच अडकतात. असं बघा, आहे तशी विकून जे मिळेल त्यात रिपेअरचे पैसे घातले तर कुठली गाडी येईल? बहुतेक तुमच्यासारखीच वापरलेली, पण तिचं आधी काय काय झालंय ते तुम्हाला माहीत नसणार. तुमच्या गाडीचा तरी सगळा इतिहास हातात आहे. अर्थात उद्या क्लच, एसी, टायर असं एकदम निघणार असेल तर ते पण आजच मोजा, आणि मग गणित उलटं आलं तर विकायला अजिबात कचरू नका.

रानवारा:
दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या गॅरेजला टो करून नेली आणि टेस्ट केल्या. १ आणि ४ मध्ये १८० पीएसआयच्या आसपास, २ आणि ३ मध्ये जेमतेम १००, ऑइल टाकून काहीच फरक नाही. निळं लिक्विड पिवळं पडलं. डिपस्टिकवर ऑइल साफ आहे.

पानापकड:
मग चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली म्हणजे त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट उडालंय. १ आणि ४ चे आकडे चांगले, ऑइलमध्ये पाणी नाही म्हणजे बेअरिंगला धक्का नसावा. माझं मत, फक्त हेड उतरवा.

पण हेड उतरवलं की नुसतं नवं गॅस्केट टाकून परत बसवू देऊ नका. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं. सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघतात, बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमीच्या आसपासच मर्यादा असते, तुमच्या मॉडेलची मॅन्युअलमध्ये बघायला सांगा. वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणं, आणि त्याआधी दाब देऊन तडा शोधायची प्रेशर टेस्ट, कारण तडा असेल तर फेसिंगचे पैसे वाया. हेड बोल्ट आवळताना कायमचे ताणले जाणारे असतील तर नवेच घ्या. सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या बारीक रेषा अजून दिसत असतील तर रिंगांना हात लावायची गरज नाही.

आणि मुळात गाडी तापली का? थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप, फॅन, रेडिएटर यातलं एक काहीतरी गेलेलं असणार. ते सापडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, परत तेच होण्याचं खरं कारण तेच असतं.

जुनी_चेसिस:
पटतंय, फक्त हेडला तडा निघाला तर सेकंडहँड इंजिनचा पर्याय सोडू नका. बसवायच्या आधी त्याची कॉम्प्रेशन टेस्ट तुमच्यासमोर, वॉरंटी लेखी, आणि इंजिन नंबर बदलतो तो गाडीच्या कागदपत्रांवर चढवून घ्यायचा, नाहीतर विकताना आणि विम्याला अडकाल. आणि एस्टिमेट एका ओळीत कधीच घेऊ नका हो, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, फेसिंग वेगळं, जुने पार्ट परत.

रानवारा:
ठरलं, हेडचंच काम करतोय. त्यांनी सगळं वेगवेगळं लिहून दिलं, पहिल्या एस्टिमेटच्या निम्म्यापेक्षा कमी बसतंय, आणि तडा निघाला तर पुढचं काही करायच्या आधी फोन करायचा असं कागदावरच लिहून घेतलंय. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकला तर उघडलाच नाही, म्हणजे तापायचं कारण बहुतेक तेच, पंपही बघतायत. हेड उतरलं की सिलिंडरचे फोटो टाकतो, पानापकड, रेषा दिसतायत का तेवढं बघून सांगा.