जड गाडीचा क्लास: १९ दिवस झाले, स्टेअरिंग हातात जेमतेम पावणेदोन तास

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातला, वय २४. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस. छोट्या गाडीचं लायसन तीन वर्षांपूर्वी काढलं आणि दोन हंगाम गावातल्या एका काकांची पिकअप चालवली. खेडा खरेदीचा कापूस भरायचा आणि धरणगावच्या जिनिंगला खाली करायचा. आता जड गाडी शिकायची म्हणून एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ९,५०० रुपये भरले. शाळेचं नाव लिहीत नाही. पैसे आईने कापसाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून काढून दिलेत, म्हणून जास्त लागतं मनाला.

सकाळी साडेसहाला गाडी निघते. आम्ही सहा पोरं. बायपासला सरळ रस्त्यावर जायचं, एकाने सात-आठ मिनिटं चालवायची, मग दुसरा. पाऊण तासात परत. पहिल्या दिवसापासून मी वहीत वेळ लिहितो. १९ दिवसांपैकी ५ दिवस गाडीच निघाली नाही. एकदा बॅटरी उतरली, दोनदा सरांना लग्नाला जायचं होतं, दोनदा कारणच सांगितलं नाही. उरलेल्या १४ दिवसांची माझी बेरीज १ तास ४५ मिनिटं. त्यात रिव्हर्स दोनदा, तोही सरळ. चढ नाही, उतार नाही, भरलेली गाडी तर नाहीच. सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, त्यामुळे गाडी मी थांबवली की त्यांनी, हेही मला कळत नाही.

काल ऑफिसात रजिस्टर पुढे केलं. तीसही दिवसांच्या ओळी आधीच भरलेल्या, रोज अर्धा तास. 'सह्या करून टाक, सर्टिफिकेटला लागतं' म्हणाले. मी 'उद्या करतो' म्हणून निघून आलो.

गेल्या वर्षी जिनिंगच्या गेटवर वळताना दहा चाकीचं मागचं चाक हातगाडीवर चढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. हातगाडीवाला बाजूला चहा पीत होता म्हणून वाचला. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. तो माझ्याच वयाचा होता.

सही करू का? आणि खरा हात कुठे बसवायचा? ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी सांगा.

धुळ्याचा प्रशिक्षक

सही करू नकोस. हे सगळ्यात आधी.

मी अकरा वर्षं शिकवतो, त्यामुळे आतली बाजू सांगतो. तुझ्यासमोर ठेवलं ते फॉर्म १५. शिकणाऱ्याने प्रत्यक्ष किती तास गाडी चालवली याची ती नोंदवही असते. नाव नोंदवायचं रजिस्टर वेगळं, ते फॉर्म १४. आणि शेवटी शाळा जे प्रमाणपत्र देते ते फॉर्म ५. ट्रान्सपोर्ट, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीच्या लायसनला ते लागतंच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रान्सपोर्टसाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास सांगितलेत. ते तास शेजारी बसून पाहण्याचे नाहीत, हातात स्टेअरिंग असल्याचे आहेत. १५ तास म्हणजे ९०० मिनिटं. तीस दिवस एकही खाडा न करता रोज ८ मिनिटं मिळाली तरी तुझे ४ तास होतात. तुझी सही झाली की उरलेले ११ तास मिळाले, असं तूच लिहून दिलंस.

शाळा असं का करतात? डिझेल. शिकाऊ हाताखाली आमची गाडी लिटरला तीन-साडेतीन किलोमीटरच्या वर जात नाही. सहा पोरांना रोज अर्धा-अर्धा तास द्यायचा तर गाडी तीन तास फिरवावी लागते. घेतलेल्या फीमध्ये ते बसत नाही, म्हणून पोरं वाढवतात आणि मिनिटं कापतात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. मालकाशी बोलायला जाशील तेव्हा त्याची अडचण कुठे आहे ते तुला माहीत असावं, म्हणून सांगतो.

एकटा जाऊ नको, सहाच्या सहा जा. भांडू नका, वही दाखवा. आणि मागणी अशी करा की रोज सगळ्यांना आठ मिनिटं नको, आज तिघं, उद्या तिघं, पण प्रत्येकाला सलग अर्धा तास. पहिली दहा मिनिटं क्लचवर पाय बसण्यातच जातात, माणूस शिकतो ते त्यानंतर. तुमचा पाय बसताच उतरवतात, म्हणजे दर वेळी पहिल्या इयत्तेतच बसता तुम्ही. तास भरेपर्यंत ३० दिवसांनंतरही शिकवावं, हे लेखी मागा. नाहीच ऐकलं तर वहीची झेरॉक्स जोडून आरटीओला अर्ज द्या. शाळेचं लायसन तेच देतात.

ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत त्यांच्यासाठी: २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आलेत. तिथे जड गाडीचा कोर्स ६ आठवड्यांत ३८ तासांचा, त्यात २२ तास प्रात्यक्षिक. जवळपास असं केंद्र असेल तर आधी तिथे विचारा. आणि कुठेही जा, फी विचारण्याआधी एका गाडीवर किती जण ते विचारा.

भुसावळची

दादा, मी एसटीच्या भरतीसाठी जड गाडी शिकले. क्लासमध्ये पाच मुलं आणि मी एकटी. माझी पाळी कायम शेवटी, आणि शेवटी म्हणजे उन्हं वर आलेली, सरांना घरी जायची घाई. मुलांना दहा मिनिटं, मला चार. कोणी वाईट बोलत नव्हतं, पण वेळ जात होता तो माझाच.

मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून डॅशबोर्डवर ठेवायला लागले. सगळ्यांसाठी, माझ्या एकटीसाठी नाही. सर दोन दिवस रागावले, मग त्यांनाच सोयीचं वाटलं, कारण मुलांची आपसातली कुरबुर थांबली. पाळीचा क्रमही रोज एकाने पुढे सरकवला. ही वही लिहितोस ते फार चांगलं करतोस. फक्त ती एकट्याची ठेवू नकोस, सहाही जणांची ठेव आणि रोज सरांची सही घे.

सीटचंही सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधीचा मुलगा उतरला की मी त्याच्याच मापाच्या सीटवर बसून चालवायचे. क्लच पूर्ण दाबायला कंबर पुढे ओढावी लागायची, आणि मला वाटायचं आपल्याला ताकदच नाही. ताकदीचा प्रश्न नव्हता. सीट पुढे घेऊन मागे उशी लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाडी धक्का न देता उठली. पाळी आली की आधी सीट आणि दोन्ही आरसे आपल्या मापाला लाव, कोणी कितीही घाई केली तरी.

सावदा ते आझादपूर

उशिरा वाचलं, काल रात्री दिल्लीहून आलो. २२ वर्षं केळीची गाडी चालवतो. सावदा-रावेरला भरणी, मग बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर करत आझादपूर मंडी. हजार किलोमीटरच्या वर अंतर आणि माल असा की वाट पाहत नाही.

मी शाळेत शिकलो नाही. मामाच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून चढलो. आठ महिने काच पुसली, टायर ठोकून पाहिले, ताडपत्री आवळली आणि मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' केलं. स्टेअरिंग मागितलं की मामा एकच म्हणायचा, 'गाडी हातमा येवाले येळ लागस.' तेव्हा राग यायचा. पण त्या आठ महिन्यांत मी गाडी मागून पाहिली, आणि ते शाळेत कोणी दाखवत नाही.

तू पाहिलेली हातगाडी त्यामुळेच चिरडली. वळताना पुढचं चाक बाहेरून जातं आणि मागचं आत कापतं. पिकअपमध्ये ते जाणवत नाही, कारण पिकअप आखूड. गाडी जितकी लांब तितकं मागचं चाक जास्त आत येतं, आणि केबिनमध्ये बसलेल्याला वाटतं आपण तर सुटलो. शिवाय चाकामागे जी बॉडी उरते ती वळताना उलट बाजूला फिरते. डावीकडे वळशील तर शेपूट उजवीकडच्या मोटारसायकलला लागेल.

यासाठी स्टेअरिंग हातात असण्याची गरज नाही. तुमच्यापैकी एक जण मैदानावर वळत असेल तेव्हा बाकीच्यांनी खाली उतरा, आणि मैदानावरच, रस्त्यावर नाही. पुढचं चाक गेलं तिथे चुन्याची रेघ, मागचं गेलं तिथे दुसरी. दोन रेघांमधलं अंतर पायाने मोजा. मग आपल्या पाळीला बसा. दुसरे चालवतात तो अर्धा-पाऊण तास रोज तुझ्याच पैशाचा आहे, तो केबिनमध्ये मागे बसून घालवू नको.

एअर ब्रेकच्या हवेचं कोणी सांगितलं का? सकाळी गाडी चालू केली की प्रेशरचा काटा वर येईपर्यंत हलवायची नाही. हवा कमी असेल तर मागचे ब्रेक सुटतच नाहीत, आणि नवं पोरगं क्लच सोडून रेस देत बसतं, क्लच जळाल्याचा वास येईपर्यंत. हवेच्या टाकीखाली झडप असते, तिच्यातून पाणी काढायला शीक. पिकअपवर ब्रेक दोन-तीनदा पंप करायची सवय असेल तर ती इथे मोड. एअर ब्रेकमध्ये दर दाबाला हवा जाते, उतारावर असं करशील तर ऐन वेळी काटा खाली आलेला असेल.

आणि उतार. शाळा दाखवणार नाही, म्हणून नीट लिहितो. लळिंगला डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे मी पाहिलेत. कोंडाईबारीत ब्रेकमधून धूर काढत उतरणारेही पाहिलेत. भरलेली गाडी ब्रेकवर उतरवायची नसते, गिअरवर उतरवायची. ज्या गिअरने तो चढ चढला असतास त्याच गिअरमध्ये वरूनच घाल, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग धरणारा) लाव, आणि पायाचा ब्रेक वेग वाढल्यावर थोडा दाबून सोड. सतत पाय ठेवलास तर ड्रम तापतात, आणि तापल्यावर पूर्ण दाबूनही गाडी धरत नाही. अर्ध्या उतारावर गिअर खाली घ्यायला गेलास आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहिली. त्या क्षणी मी एकदा होतो. पुढे बैलगाडी होती. डाव्या बाजूला मुरमाचा ढीग मिळाला म्हणून आज हे लिहितोय.

रिव्हर्ससाठी तुझ्याच भागात जागा आहे. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची आवारं रिकामी पडतात. तू दोन हंगाम तिथे माल टाकलाय, वॉचमनपासून मुकादमापर्यंत तुला ओळखतात. मालकाला विचार. लर्निंग लायसन खिशात, एल बोर्ड लावलेला, शेजारी जड गाडीच्या लायसनचा माणूस, आणि डिझेल तुझं. दोन ड्रम उभे कर, मध्ये गाडीपेक्षा चार हात जास्त जागा सोड आणि मागे घे. शंका आली की थांब, उतर, बघून ये. मी अजूनही उतरतो.

बोरीकाठचा

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय.

सहापैकी चौघं आलो, दोघं घाबरले. मालक आधी चिडले, मग वही चाळली. पाच खाड्यांपुढे मी कारणं लिहिली होती, ती वाचून गप्प झाले. परवापासून तिघं-तिघं, प्रत्येकी २५ मिनिटं असं ठरलंय. लेखी काही दिलं नाही. रजिस्टरवर मी माझ्या वहीतल्या तारखा आणि मिनिटं लिहिली आणि तेवढ्यावरच सही केली. भरून ठेवलेल्या ओळी त्यांनी माझ्यासमोर खोडल्या. ताई, सीट पुढे घेतली. फरक पडला.

जिनिंगवाल्यांनी रविवारची सकाळ दिली. ओळखीच्या एका टिप्परवाल्या दादांना सोबत घेतलं, डिझेलचे १,२०० रुपये दिले. पावणेदोन तास एकट्याने चालवली, १९ दिवसांत मिळाले तेवढेच. ड्रमांमध्ये मागे घेताना सातव्या वेळेला पहिल्यांदा न अडता आत गेली. चुन्याच्या रेघाही मारल्या. अंतर माझी तीन पावलं आलं. मी गेटवर उभा राहून बराच वेळ त्या दोन रेघा पाहत होतो.

सावदावाले काका, एक विचारायचं राहिलं. हे सगळं रिकाम्या गाडीवर. भरलेली गाडी थांबताना पायाला कशी लागते, ते लायसन आल्याशिवाय कळायचा काही मार्ग आहे का?

सावदा ते आझादपूर

पायाला नाही कळणार, पण पाठीला कळेल. गुरुवारी सावद्याला भरणी आहे. सकाळी सातपर्यंत ये. चालवायला देणार नाही. भरायच्या आधी गाडी वजनकाट्यावर नेतो तेव्हा शेजारी बस, आणि भरून पुन्हा काट्यावर नेतो तेव्हाही बस. दोन्ही वेळेला मी त्याच झाडापाशी ब्रेक दाबेन. कुठे थांबली ते तू उतरून मोज. वही आण.