मदत हवी आहे: सेंट्रल एसी थकलाय, फर्नेस चालू आहे, दोन्ही एकदम बदलून हीट पंप घ्यावा का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

घरातली सिस्टीम खूप जुनी आहे, बाहेर एसीचं युनिट, आत घर गरम करणारी गॅसवरची फर्नेस आणि दोघांना डक्ट (खोल्यांत हवा नेणारे पाइप) एकच. फर्नेस अजून नीट पेटते, पण एसीत थंड करणारा जुन्या प्रकारचा गॅस, आर-२२, आहे आणि तो मागच्या उन्हाळ्यात भरून घेतला तरी यंदा परत कमी. एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो आतल्या आत फिरतो, म्हणजे कमी झाला तर कुठेतरी लीक आहेच. लीक न शोधता नुसता भरत राहणं मला अजिबात पटत नाही. त्यात आर-२२ ओझोनला मारक म्हणून माँट्रियल करारानुसार जगभर बंद होत चाललाय, आणि आर-३२ सारखा नवीन गॅस जुन्या युनिटमध्ये घालता येत नाही.

एक मेकॅनिक म्हणतो फक्त एसी बदला, दुसरा म्हणतो हीट पंप लावा, थंड-गरम दोन्ही करतो. मन हीट पंपाकडे ओढतंय कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, त्यामुळे बरी हवा असेल तर एक युनिट विजेत तीन युनिटच्या आसपास उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घसरतं, म्हणून फर्नेस बॅकअपला ठेवावी असा विचार आहे. पण तिचा हीट एक्स्चेंजर (जळत्या गॅसची उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग) तडकला असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो, आणि आईची खोली अगदी वरच आहे. डिटेक्टर लावलाय, तरी तपासून घेतल्याशिवाय ती ठेवायची नाही हे नक्की.

खरी अडचण साइझची आहे. दोघांनीही जुन्या युनिटची प्लेट बघून "चार टनच टाकू" म्हटलं. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट कूलिंग, पण मधल्या काळात आम्ही खिडक्या डबल काचेच्या केल्या, छताला इन्सुलेशन घातलं, मग लोड, म्हणजे घर थंड-गरम करायला लागणारी क्षमता, तेवढाच कसा राहील? गरजेपेक्षा मोठं युनिट लगेच थंड करून बंद पडतं, परत चालू होतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि कॉम्प्रेसरही लवकर झिजतो. खोल्या, खिडक्या, दिशा मोजून लोड काढा म्हटलं तर दोघंही टाळतात.

तर ज्यांनी बदललंय त्यांनी सांगा ना, लोड कॅल्क्युलेशन लेखी मागितलं तर करून देतात का, की त्याचे वेगळे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावं? जुने डक्ट चालले का? हीट पंपाची हवा फर्नेसइतकी गरम नसते त्यामुळे जास्त हवा फिरवावी लागते, डक्ट अरुंद असतील तर आवाज होतो असं दिसतंय. आणि इनव्हर्टरवाला, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, घेतला तर साइझ थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो का? उकाडा सुरू व्हायच्या आत ठरवायचंय, नाहीतर घाईत जे मिळेल ते घ्यावं लागेल.